कोपरापासून मनगटापर्यंत

आपल्या शरीराच्या बारीकसारीक भागाला मराठीत नाव आहे. खांदा, बगल, दंड, कोपर, मनगट, पंजा, तळवा, करंगळी. पण कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला घरात सर्रास वापरला जाईल असा शब्द मला तरी सापडलेला नाही. शाळेच्या पुस्तकात 'अग्रबाहू' लिहिलेले असते, संस्कृतात 'प्रकोष्ठ' आहे. पण दिवसभर खुरपून आलेल्या माणसाला तिथे ठणका लागला, तर तो 'हात भरून आला' एवढेच म्हणतो. या बिननावाच्या भागाचीच हकिगत आज सांगायची आहे.

आधी एक करून पाहा. उजवा हात समोर धरा. डाव्या हाताची चार बोटे उजव्या कोपराच्या थोडी खाली, आतल्या बाजूला टेकवा. आता उजवी मूठ आवळा आणि सोडा, आवळा आणि सोडा. बोटांखाली काहीतरी सळसळते ना? मूठ वळते पंजात, पण जोर लागतो तो कोपराखाली. बैलाचा कासरा ओढताना, नांगर दाबताना, विळा चालवताना बोटांना जी ताकद येते ती बोटांत नसतेच. बोटांत मांस असे फारसे नाही. ताकदीचे स्नायू वर, अग्रबाहूत बसलेले असतात आणि लांब दोऱ्यांनी ते बोटे ओढतात. या दोऱ्यांना वैद्यकात कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलाय ना? तसेच.

आता दुसरा प्रयोग. ताटातला भाताचा घास घेताना बोटे कशी होतात ते पाहा. पंजाजवळची पेरे वाकतात, पण पुढची बोटे जवळजवळ सरळ राहतात, आणि अंगठा समोरून येऊन घास दाबतो. ही नाजूक करामत अग्रबाहूची नव्हे. तळव्यातच लपलेले छोटे छोटे स्नायू ती करतात. जोर वरून येतो आणि नेमकेपणा खालून. हे दोन कारखाने वेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट याच एका फरकावर उभी आहे.

लहानपणी आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी पुलाच्या कठड्याला टेकून काही माणसे बसलेली असत. त्यांची बोटे आत वळलेली, झडलेली. मनगटाला फडक्याने डबा बांधलेला, कारण हातात धरता येत नसे. आम्हा मुलांना ताकीद होती की तिकडे पाहायचे नाही. मोठी माणसे म्हणत, त्यांचे मांस सडते आणि बोटे गळून पडतात. त्या रोगाला लोक महारोग म्हणत. आपण कुष्ठरोग म्हणू या, कारण जुन्या नावाला फार शिव्याशाप चिकटलेले आहेत.

खेडवळ माणसांचाच हा समज होता असे नाही बरं का. मोठमोठ्या डॉक्टरांचेही मत फारसे निराळे नव्हते. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन गावी हान्सेन या डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधला आणि हा शाप नाही, आनुवंशिक दोषही नाही, जंतूचा रोग आहे हे दाखवून दिले. पण जंतू सापडला म्हणून हात सुधारला नाही. पुढची सत्तर वर्षे रोग्याच्या बोटांकडे कोणी नीट पाहिलेच नाही. हे मांस निकृष्ट झाले आहे, इथे शस्त्र लावले तर जखम भरणार नाही, अशी समजूत होती. ज्या हाताची आशाच नाही, त्याचा अभ्यास कोण करणार?

१९४७ साली मद्रासजवळच्या चिंगलपुट येथील कुष्ठरुग्णालयात एक तरुण शल्यविशारद पाहुणा म्हणून आला. त्याचे नाव पॉल ब्रँड. १९१४ साली तामिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. शिक्षण इंग्लंडात झाले आणि १९४६ साली तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हाडांच्या शस्त्रक्रिया शिकवायला परत आला. चिंगलपुटचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगातले नाणावलेले तज्ज्ञ. त्यांच्याबरोबर आवारात फिरताना ब्रँडने विचारले, यांचे हात असे का होतात? कॉक्रेन साहेबांचे उत्तर थोडक्यात असे, की मी कातडीचा डॉक्टर, हाडामांसाचे तुमचे खाते. आणि तुमच्या खात्यातला एकही माणूस अजून इकडे फिरकलेला नाही.

तिथेच ती लहानशी घटना घडली. ब्रँडने एका रोग्याचा वाकडा हात हातात घेतला आणि म्हटले, दाब पाहू. त्याची अपेक्षा होती की हाताला काही जोर नसेल. पण त्या माणसाने असा काही हात आवळला की नखे ब्रँडच्या तळव्यात रुतली. तो कळवळला. त्याचे दुखते आहे हे मात्र त्या रोग्याला कळलेही नाही!

या हस्तांदोलनातच अर्धे उत्तर होते. निकामी म्हणून टाकून दिलेल्या हातात एवढी शक्ती कुठून आली? आपण मघाशी बोटे टेकवून पाहिले तिथून. अग्रबाहूचा कारखाना शाबूत होता. बंद पडला होता तो तळव्यातला छोटा कारखाना. नेमकेपणा गेला आणि जोर उरला, म्हणून बोटे वाघनखासारखी आत वळली. असा माणूस पाण्याचा तांब्या धरायला जातो तेव्हा बोटांची टोकेच आधी आत वळतात आणि तांब्याला पकडण्याऐवजी बाहेर ढकलतात. ताकद असून तांब्या पडतो, आणि पाहणारा म्हणतो, हात सडला.

पण तळव्यातलेच स्नायू का मरावेत? ब्रँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो रोग्यांचे हात तपासायला घेतले. एकेक स्नायू घ्यायचा, तो हलतो की नाही पाहायचे आणि लिहून ठेवायचे. काम कंटाळवाणे, पण त्यातून एक ठसा उमटू लागला. रोग आंधळेपणाने काहीही खात नव्हता. ठरावीक स्नायू लुळे पडत आणि ठरावीक बहुधा चांगले राहत. अग्रबाहूचे बहुतेक स्नायू या चांगल्यांच्या यादीत होते.

मग एका रात्री चिंगलपुटहून निरोप आला की एक रोगी वारला आहे आणि शवाची तपासणी करता येईल. वेल्लोरची मंडळी रातोरात गाडीने निघाली आणि पहाटेपर्यंत त्यांनी हातापायांतले मज्जातंतू उघडे करून मांडले. मज्जातंतू म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी आणि कातडीची खबर मेंदूकडे आणणारी तार. जरा मागे सरून पाहिले तेव्हा लक्षात आले की तारा सगळीकडे सारख्या नाहीत. काही जागी त्या सुजून जाड झाल्या आहेत आणि बाकी ठिकाणी ठीक आहेत. या सुजेच्या जागा म्हणजे कोपराच्या जरा वर, मनगटाशी, गुडघ्याशी, घोट्याशी. जिथे जिथे तार कातडीच्या अगदी जवळ येते, तिथे तिथे.

कोपराची ती जागा तुम्हाला माहीत आहे. अंधारात दाराच्या कडेवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तीच ती तार. ती तिथे हाडाला लागून, कातडीखाली जवळजवळ उघडीच असते. तिच्याकडे करंगळीच्या बाजूची जाणीव आणि तळव्यातले बहुतेक छोटे स्नायू सोपवलेले आहेत. अंगठ्याकडची दुसरी तार मनगटाशी वर येते. अग्रबाहूच्या बहुतेक मोठ्या स्नायूंना हुकूम मिळतो तो खोल, मांसाच्या आडून, सुजेची जागा येण्याआधी. म्हणून ते वाचतात.

आता तुम्ही विचाराल, जंतूला कातडीजवळचीच जागा का आवडावी? कारण ती थंड असते. अंगाच्या आतली ऊब या जंतूला मानवत नाही. नाक, कान, हात, पाय अशा गार भागांतच तो फोफावतो. १९६० साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी हा जंतू उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला, तेव्हा या अनुमानाला चांगलाच टेकू मिळाला. प्रयोगशाळेतल्या बशीत तर तो आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही.

एवढे समजल्यावर पुढचे पाऊल शेतकऱ्याला सांगायला नको. एका विहिरीचे पाणी आटले आणि शेजारच्या विहिरीला भरपूर असले, तर पाट वळवायचा. अग्रबाहूत चांगले स्नायू आहेत आणि त्यांतला एखादा काढून घेतला तर फार अडत नाही. प्रत्येक बोट वाकवायला दोन दोन कंडरा असतात. त्यांतली एक सोडवायची, तिचे उभे चार पदर करायचे, ते तळव्यातून पुढे नेऊन चारही बोटांच्या कडांना शिवायचे, म्हणजे मेलेल्या छोट्या स्नायूंचे काम ती करील. अपघातात जखमी झालेल्या हातांसाठी अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल यांच्यासारख्या शल्यविशारदांनी अशा युक्त्या आधीच काढल्या होत्या. कुष्ठरोग्याच्या हातावर त्या चालतील असे मात्र कोणी धरले नव्हते. ब्रँडने १९४८ साली त्या तिथे सुरू केल्या. जखमा चारचौघांसारख्या भरल्या. मांस निकृष्ट नव्हतेच!

काम एका फटक्यात जमले असे समजू नका. बोटाचीच कंडरा काढून घेतली की काही हातांत बोटे उलट्या बाजूला ताठ होऊ लागली. मग ब्रँडने मनगट मागे उचलणारा एक स्नायू निवडला. तो अग्रबाहूच्या मागच्या अंगाला असतो आणि त्याच्या जोडीला तेच काम करणारा भाऊ असल्यामुळे त्याच्यावाचून मनगट अडत नाही. पण त्याची दोरी बोटांपर्यंत पुरेना. तेव्हा पोटरीतली एक लांब, बारीक कंडरा काढून ती जोड म्हणून शिवली. गंमत अशी, की पोटरीतली ही दोरी काही माणसांत जन्मतःच नसते आणि त्यांचे तिच्यावाचून काही बिघडत नाही. देवाने ठेवलेला जादा सुंभ म्हणा ना! १९५२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये ब्रँडने हंटेरियन व्याख्यान दिले ते या हातांवरच.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत टोचणारा भाग मात्र शस्त्रक्रियेनंतरचा आहे. हात सुधारलेले काही रोगी परत आले ते नाराज होऊन. पूर्वी वाकडा हात पुढे केला की लोक पैसा टाकत. आता हात सरळ झाला, भीक मिळेना. आणि कुष्ठरोगी होता हे ठाऊक असल्यामुळे कामही कोणी देईना, राहायला खोलीही देईना. डॉक्टरने हात दिला आणि पोट काढून घेतले. हे ऐकून ब्रँड गप्प बसला नाही. एका वृद्ध अमेरिकन बाईंच्या देणगीतून कॉलेजच्या आवारात मातीच्या भिंतींची काही घरे उभी राहिली. हे 'नवजीवन केंद्र'. तिथे रोग्यांना सुतारकाम शिकवू लागले, लाकडी खेळणी होऊ लागली. ब्रँड स्वतः तरुणपणी बांधकाम आणि सुतारकाम शिकलेला असल्यामुळे रंधा धरून शेजारी उभा राही.

आणि तिथेच उरलेले अर्धे उत्तर सापडले. नीट केलेल्या बोटांवर पुन्हा फोड येऊ लागले, जखमा होऊ लागल्या. म्हणजे बोटे सडतात हेच खरे की काय? त्याआधीची एक गोष्ट ब्रँडला आठवत होती. एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्याच्याने फिरेना. जवळच्या दहाबारा वर्षांच्या रोगी मुलाने ती सहज फिरवून दिली. मुलाच्या बोटातून रक्त येत होते, किल्लीने कातडी हाडापर्यंत कापली होती, आणि पोराला पत्ताच नव्हता. आपण किल्ली जोराने फिरवत नाही, कारण दुखते. त्याला दुखत नव्हते. त्याची खबर आणणारी तार तुटली होती.

मग केंद्रात रोज सगळ्यांचे हात तपासण्याचा रिवाज पडला. प्रत्येक जखमेचा माग काढायचा. चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलले असेल, हातोडीचा दांडा फार आवळून धरला असेल, विडी विझेपर्यंत बोटात राहिली असेल. जवळजवळ प्रत्येक जखमेला साधे, घरगुती कारण निघे. एक कोडे मात्र सुटेना. रात्री झोपताना बोट धड असे आणि सकाळी त्याचा तुकडा नाहीसा. शेवटी रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसले, की उंदीर येऊन बोट कुरतडतो आणि झोपलेला माणूस कूसही बदलत नाही. गळून पडणाऱ्या बोटांचे एवढे मोठे गूढ, आणि त्याच्या मुळाशी उंदीर! तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्याला औषधाबरोबर एक मांजर नेण्याची शिफारस होऊ लागली. हत्यारांचे दांडे जाड आणि गुळगुळीत झाले. बोटे रोगाने गळत नाहीत. न कळलेल्या जखमा चिघळतात, हाड झिजते आणि बोट तोकडे होत जाते.

महाराष्ट्रातही याच सुमारास हालचाल सुरू होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठधाम काढले होते. १९५१ साली वर्ध्यालाच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वारदेकर यांनी घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी उपचार अशी पद्धत बसवली. वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. हाताच्या बाबतीत नाव घ्यायचे ते डॉ. नोशिर अंटिया यांचे. विलायतेत घडीव शल्यक्रिया, म्हणजे प्लॅस्टिक सर्जरी, शिकून आलेला हा माणूस पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊन हात आणि चेहरे दुरुस्त करू लागला, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी हेच काम चालू ठेवले. ब्रँड १९६६ साली अमेरिकेला गेले आणि २००३ साली वारले.

औषधांची बाजूही सांगितली पाहिजे. १९४१ साली अमेरिकेत कार्व्हिलला सल्फोन औषधांचा गुण दिसला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. २००५ अखेर देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले. पण ही देशाची सरासरी झाली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि पालघरच्या पट्ट्यात नवे रोगी आजही सापडतात, त्यांत मुलेही असतात. औषध जंतू मारते, मेलेली तार जिवंत करत नाही. म्हणून शिक्षक मंडळींच्या कानावर एक गोष्ट घालतो. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि चट्ट्याला कापसाची वात हलकेच लावा. त्याला ती कळली नाही, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात न्या. मूल करंगळी दुमडून पाटी धरत असेल, तर उद्याची वाट पाहू नका.

ज्यांचे हात आधीच वाकले आहेत, त्यांच्यावर अशा शस्त्रक्रिया अजून होतात. प्लास्टर निघाल्यावरचा पहिला दिवस मोठा मजेशीर असतो. बोटे हलव म्हटले तर हलत नाहीत, कारण हुकूम जुन्या पत्त्यावर जातो. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतात, बोटांचा विचार सोड, मनगट मागे उचल. रोगी मनगट उचलायला जातो आणि पंजाजवळची पेरे वाकून बोटे सरळ होतात. तो चमकून स्वतःच्याच हाताकडे पाहतो. काही आठवडे असे मनगटाला सांगून बोटांकडून काम करून घ्यावे लागते. नंतर मेंदू नवा पत्ता पाठ करतो आणि ताटातला घास पुन्हा बोटांत बसू लागतो. भात गरम आहे की निवला, हे मात्र त्या बोटांना आताही कळत नाही. म्हणून जेवायला बसल्यावर तो आधी ताटाच्या कडेला कोपर लावून पाहतो.